हौशी खेळाडूंनी आखलेली हिरवळ

वाराणसी म्हटले की मराठी मनासमोर गंगा, विश्वेश्वराचे मंदिर आणि घाटांची रांग उभी राहते. याच नगरीत, नदीकाठच्या गजबजाटापासून दूर, बनारस रेल्वे स्थानकाच्या परिसरात रेल्वेचा एक भव्य कारखाना आहे. १९६१ मध्ये ‘डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स’ या नावाने तो स्थापन झाला. जानेवारी १९६४ मध्ये तेथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले आणि २०२० पासून हा कारखाना ‘बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स’ या नावाने ओळखला जातो. कारखान्याच्या वसाहतीत कर्मचाऱ्यांची घरे, शाळा, रुग्णालय आणि क्रीडांगणे आहेत आणि गोल्फचे एक मैदानही आहे.

काशीत गोल्फ, हे ऐकून काहींना नवल वाटेल. वास्तविक हा खेळ आपल्या देशात फार जुना आहे. कोलकात्यातील रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईतही १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाला. पुढे लष्करी छावण्या, रेल्वेच्या वसाहती, मोठे कारखाने आणि थंड हवेची ठिकाणे येथे हा खेळ रुजला. रस्त्याने जाणाऱ्याला कुंपणापलीकडे दूरवर पसरलेले गवत, मधूनच एखादे निशाण आणि वाळूचे चार खड्डे दिसतात. हे सारे आपोआप झाले असावे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्या गवताचा प्रत्येक चढउतार कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेला असतो. हे काम करणाऱ्याला गोल्फ मैदानाचा वास्तुशिल्पी म्हणतात. या वास्तुशिल्पींमध्ये उत्तम हौशी खेळाडूंची एक मोठी परंपरा आहे. त्या परंपरेतील एका दांपत्याची ओळख या लेखात करून घेऊ.

मापाविना मैदान

क्रिकेटची खेळपट्टी वानखेडे स्टेडियमवर असो वा गावच्या माळावर, तिची लांबी २२ यार्डच असते. कबड्डी, खो-खो, टेनिस यांची मैदानेही आखीव मापांची असतात. गोल्फमध्ये मात्र मापे फारच थोडी ठरलेली आहेत. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. चेंडूचे वजन आणि आकार यांचेही नियम आहेत. उरलेले जवळपास सर्व काही वास्तुशिल्पीच्या बुद्धीवर सोपवलेले असते.

ज्यांना खेळाची ओळख नाही अशा वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मैदानाच्या एका भागाला ‘होल’ म्हणतात. होलाची सुरुवात एका सपाट चौथऱ्यावरून होते, त्याला ‘टी’ हे नाव आहे. तेथून चेंडू कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, म्हणजे ‘फेअरवे’वर मारायचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेल्या गवताचा ‘रफ’ असतो. वाटेत ‘बंकर’ म्हणजे वाळूचे खड्डे, तळी, ओढे आणि झाडे असतात. शेवटी अगदी बारीक कापलेल्या गवताचे ‘ग्रीन’ येते आणि त्यात तो खळगा असतो. कुशल खेळाडूला एखाद्या होलासाठी जितके फटके लागावेत त्या संख्येला ‘पार’ म्हणतात. ती साधारणतः ३, ४ किंवा ५ असते. त्यांतले शेवटचे दोन फटके ग्रीनवर हळुवार ढकलण्याचे धरलेले असतात.

अशी १८ होल मिळून पूर्ण मैदान होते. हा आकडाही योगायोगाने आला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे पूर्वी २२ होलांची फेरी असे. १७६४ मध्ये काही लहान होल एकत्र केल्यामुळे ती १८ झाली आणि पुढे सर्वत्र तोच प्रघात पडला. एवढ्या मैदानासाठी साधारणपणे ५० ते ६० हेक्टर जमीन लागते.

जमीन हाती आली की वास्तुशिल्पी प्रथम पाण्याचा विचार करतो. पावसाचे पाणी कोठून येईल, कोठे साचेल आणि कोठून निघून जाईल, हे ठरल्यावाचून पुढचे काही ठरत नाही. मग वाऱ्याची दिशा, सकाळ-संध्याकाळचे ऊन, मातीचा प्रकार आणि त्या हवेत टिकणारे गवत यांचा क्रम लागतो. गंगेच्या खोऱ्यासारख्या सपाट गाळाच्या प्रदेशात निसर्ग चढउतार देत नाही. तेथे तळी खोदायची, त्यांतून निघालेल्या मातीने ग्रीन उंचावायची आणि पावसाळ्याचे पाणी त्याच तळ्यांत साठवायचे, ही सर्वमान्य पद्धत आहे. एकाच खोदकामात निचरा, साठवण आणि खेळातील अडथळा ही तीनही कामे साधतात.

जोखीम आणि परतावा

अडथळे कोठे ठेवावेत याविषयी दोन विचारसरणी आहेत. पहिलीनुसार चूक करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. वाटेत आडवा खड्डा घालायचा. ज्याला तो ओलांडता येईल तो पुढे जाईल, दुसरा अडकेल. दुसरी विचारसरणी सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानातून आली. तेथे फेअरवे रुंद आहेत. एका बाजूने सुरक्षित पण लांबचा मार्ग असतो. दुसऱ्या बाजूने खड्ड्याला चाटून जाणारा धोक्याचा मार्ग असतो, पण तो साधला तर पुढचा फटका सोपा होतो. बँकेच्या ग्राहकाला हे समीकरण परिचित आहे. अधिक परताव्यासाठी अधिक जोखीम घ्यावी लागते आणि ती किती पेलवेल हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. या पद्धतीत दुबळ्या खेळाडूलाही वाट मिळते आणि बलवान खेळाडूलाही विचार करावा लागतो.

ही दुसरी विचारसरणी जगभर पसरवण्यात हौशी खेळाडूंचा वाटा मोठा आहे. येथे ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ नवशिका असा घेऊ नये. आपली हौशी रंगभूमी आठवावी. दिवसा नोकरी करून रात्री तालीम करणाऱ्या कित्येक कलावंतांचा अभिनय व्यावसायिकांच्या तोडीचा असतो. गोल्फमध्येही बक्षिसाची रक्कम न घेता खेळणारा तो हौशी. आपल्याकडे ‘बिल्लू’ या नावाने ओळखले जाणारे पी. जी. सेठी यांनी १९६५ मध्ये हौशी खेळाडू असतानाच व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली होती.

चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड हे या परंपरेतील आद्य नाव. तरुणपणी ते शिक्षणासाठी सेंट अँड्र्यूज येथे राहिले आणि तेथेच गोल्फ शिकले. १८९५ मध्ये अमेरिकेची पहिली अधिकृत राष्ट्रीय हौशी स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढे न्यूयॉर्कजवळ ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ हे मैदान त्यांनी ब्रिटनमधील उत्तम होलांचा अभ्यास करून घडवले. दुसरे नाव बॉबी जोन्स यांचे. पेशाने वकील असलेल्या या खेळाडूने १९३० या एकाच वर्षात ब्रिटन व अमेरिका येथील चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्यानंतर डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी यांच्या साहाय्याने त्यांनी जॉर्जिया राज्यातील एका जुन्या रोपवाटिकेच्या जागी ‘ऑगस्टा नॅशनल’ हे मैदान उभारले. जोन्स जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू होते, तर मॅकेंझी खेळाडू म्हणून सामान्य होते. पहिल्याला उत्तम फटका कसा असतो हे ठाऊक होते, दुसऱ्याला सामान्य खेळाडूची फजिती कशी होते हे ठाऊक होते. मैदानाला दोघांच्या अनुभवाचा लाभ झाला. रुंद फेअरवे आणि मोजकेच बंकर हे आरंभीच्या ऑगस्टाचे वैशिष्ट्य होते.

विमा प्रतिनिधीचे घर

जोन्स आणि मॅकेंझी या दोघांत विभागलेले हे दोन प्रकारचे ज्ञान पुढे एकाच घरात नांदले. ते घर अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पीट आणि ॲलिस डाय यांचे.

ॲलिस यांचा जन्म १९२७ चा, पीट यांचा १९२५ चा. फ्लोरिडातील रॉलिन्स महाविद्यालयात त्यांची ओळख झाली आणि १९५० मध्ये ते विवाहबद्ध झाले. पीट यांनी आयुर्विम्याचा व्यवसाय पत्करला आणि त्यात उत्तम यश मिळवले. दोघेही गोल्फमध्ये निपुण होते. पीट १९५७ मध्ये यू. एस. ओपन या राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरले आणि १९५८ मध्ये त्यांनी इंडियाना राज्याची हौशी स्पर्धा जिंकली. ॲलिस यांची कामगिरी याहून मोठी होती. इंडियानाची महिला हौशी स्पर्धा त्यांनी नऊ वेळा जिंकली. १९६८ मध्ये प्रतिष्ठेची ‘नॉर्थ अँड साउथ’ स्पर्धा जिंकली. १९७० मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ब्रिटन व आयर्लंडविरुद्धच्या कर्टिस कप सामन्यात त्या अमेरिकेकडून खेळल्या. पन्नाशी उलटल्यावर १९७८ व १९७९ अशी सलग दोन वर्षे त्यांनी अमेरिकेची ज्येष्ठ महिला हौशी स्पर्धाही जिंकली.

चांगला चाललेला विमा व्यवसाय सोडून मैदाने आखण्याचा निर्णय पीट यांनी घेतला तेव्हा पदरी दोन लहान मुले होती आणि या कामाचे रीतसर शिक्षण कोणाचेच झालेले नव्हते. आरंभीच्या एका मैदानासाठी लागणारे गवत या दांपत्याने स्वतःच्या अंगणात वाढवले आणि मोटारीच्या डिकीतून कामाच्या जागी नेले. त्यांचे पहिले मैदान इंडियानापोलिसजवळ होते आणि त्यात ९ होल होती. तेथे वाहणारा ओढा त्यांना इतका आवडला की खेळाडूला तो तब्बल १३ वेळा ओलांडावा लागे. निपुण खेळाडूला यात मौज होती. सामान्य सभासदाचे चेंडू मात्र एकामागून एक पाण्यात जात. मैदान आखणाऱ्याने स्वतःच्या फटक्याचा मापदंड लावला की काय होते, याचा हा पहिला धडा होता.

स्कॉटलंडची शिदोरी

१९६३ मध्ये पीट ब्रिटिश हौशी स्पर्धेसाठी सेंट अँड्र्यूजला गेले. स्पर्धा आटोपल्यावर पतिपत्नींनी स्कॉटलंडमधील सुमारे तीस मैदाने पायी हिंडून पाहिली. प्रेस्टविक येथे बंकरांच्या उभ्या भिंती खचू नयेत म्हणून रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर रोवलेले त्यांना आढळले. हा साधा उपाय पुढे डाय यांच्या मैदानांची खूणच बनला. इंजिनांच्या कारखान्याशेजारी गोल्फचे मैदान असलेल्या वाराणसीतील वाचकांना रेल्वे आणि गोल्फ यांचे हे नाते विशेष रुचेल.

त्या काळी अमेरिकेत मैदाने अधिकाधिक लांब आणि ग्रीन अधिकाधिक विस्तीर्ण करण्याकडे कल होता. डाय यांनी याच्या उलट वाट धरली. दक्षिण कॅरोलायनातील ‘हार्बर टाउन’ हे मैदान १९६९ मध्ये खुले झाले. त्याच्या कामात तरुण जॅक निकलॉस हेही सहभागी होते. तेथील ग्रीन लहान होते, फेअरवे झाडांमधून वळणे घेत जात होते आणि केवळ ताकदीच्या जोरावर खेळणाऱ्याला फारसा लाभ होत नव्हता. तेराव्या होलाचे ग्रीन, त्याला वेढणारा बंकर आणि त्याच्या कडेच्या लाकडी फळ्या ही ॲलिस यांची रचना होती.

बेटावरचे ग्रीन

डाय दांपत्याचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे फ्लोरिडातील ‘टी. पी. सी. सॉग्रास’. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने दलदल आणि झाडी असलेली ४१५ एकर जमीन केवळ एका डॉलरच्या नाममात्र किमतीला घेतली होती. दलदल भरून काढण्यासाठी आणि फेअरवेवर पसरण्यासाठी वाळू हवी होती. सतराव्या होलाच्या जागी उत्तम वाळू सापडली आणि तीच उपसत राहिल्याने तेथे प्रचंड खड्डा झाला. मूळ आराखड्यात ग्रीनच्या एका बाजूला लहानसे तळे होते. आता ग्रीन ठेवण्यास जागाच धड उरली नाही. त्या वेळी ॲलिस यांनी सुचवले की खड्डा पाण्याने भरावा आणि ग्रीन मध्यभागी बेटासारखे ठेवावे. केवळ १३७ यार्डांचे ते होल आज जगातील सर्वाधिक परिचित होलांपैकी एक आहे. दरवर्षी त्या तळ्यातून एक लाखाहून अधिक चेंडू निघतात, असा अंदाज सांगितला जातो.

या कथेचा दुसरा भाग तितकासा सांगितला जात नाही. आरंभी त्या ग्रीनचा उतार मागच्या पाण्याकडे होता. पडलेला चेंडू थांबणार नाही, पहिलीच तुकडी टीवर चेंडूमागून चेंडू मारत राहील आणि स्पर्धा पुढे सरकणारच नाही, ही अडचण ॲलिस यांनी दाखवून दिली. मग मागची बाजू उंचावण्यात आली. बेटाची धाडसी कल्पना त्यांची आणि ते बेट खेळण्याजोगे करणारी दुरुस्तीही त्यांचीच. १९८२ मध्ये तेथे ‘प्लेअर्स’ स्पर्धा प्रथम भरली तेव्हा मैदान फार कठोर असल्याची तक्रार अनेक व्यावसायिकांनी केली. विजेते जेरी पेट यांनी स्पर्धा संपताच पीट डाय आणि संघटनेचे आयुक्त डीन बीमन यांना अठराव्या होलाच्या तळ्यात ढकलले आणि मागोमाग स्वतःही उडी घेतली. पुढील काळात अनेक ग्रीनचे उंचवटे सौम्य करण्यात आले.

घाटाच्या पायऱ्या आणि पुढची टी

बेटावरचे ग्रीन प्रसिद्ध असले तरी ॲलिस डाय यांचे सर्वांत मोलाचे काम छायाचित्रांत उठून दिसत नाही. ते काम म्हणजे पुढच्या टीचा आग्रह.

त्यांच्या तरुणपणी बहुतेक मैदानांवर स्त्रियांसाठीची टी नंतर आठवण झाल्यासारखी बांधलेली असे. पुरुषांच्या टीच्या थोडी पुढे, जेथे जागा उरली तेथे एक चौथरा केला की काम संपले. याचा परिणाम काय होतो, हे एका काल्पनिक हिशेबाने समजून घेऊ. समजा, एका पुरुष खेळाडूचा पहिला फटका २४० यार्ड जातो आणि एका महिला खेळाडूचा १८० यार्ड. होल ४०० यार्डांचे आहे आणि पार चार, म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन गाठणे अपेक्षित आहे. पुरुषाला पहिल्या फटक्यानंतर १६० यार्ड उरतात. दुसऱ्या फटक्यात तो ग्रीनवर पोहोचतो. महिलेची टी ३० यार्ड पुढे, म्हणजे ३७० यार्डांवर आहे. दोघींतल्या कोणत्याही चांगल्या दिवशी तिचा पहिला फटका १८० यार्ड गेला तरी १९० उरतात. पुन्हा तितकाच उत्तम फटका बसला तरी ग्रीन हाती लागत नाही. तिची चूक काहीच झालेली नसते, तरीही एक फटका वाया जातो आणि असे फेरीत अनेकदा घडते.

दोघांच्या फटक्यांचे प्रमाण येथे चारास तीन असे आहे. त्याच प्रमाणात होल ३०० यार्डांचे केले तर महिलेला दुसऱ्या फटक्यासाठी १२० यार्ड उरतात आणि तिलाही दोन फटक्यांत ग्रीन गाठता येते. याच हिशेबाने पुरुषांसाठी ६,८०० यार्डांचे असलेले मैदान तिच्यासाठी ५,१०० यार्डांचे हवे. ॲलिस यांनी असा विचार पद्धतशीरपणे मांडला. सगळ्या स्त्रियाही एकसारख्या नसतात, म्हणून त्यांच्यासाठी एक नव्हे तर दोन टी असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. टी केवळ पुढे आणून भागत नाही. बंकर, ओढा आणि वळण यांचा जो पेच मागच्या टीवरून पडतो तोच पुढच्या टीवरूनही पडला पाहिजे, म्हणजे तिची जागा आणि दिशा आराखड्यातच ठरवली पाहिजे. तसे झाले तरच आव्हान तेच राहते आणि अन्याय टळतो.

वाराणसीच्या घाटांवर उभे राहिले की हे तत्त्व चटकन उमगते. अठराव्या शतकात पेशवे, अहिल्याबाई होळकर आणि इतर मराठी सरदारांनी येथील अनेक घाट बांधले, सुधारले. गंगेचे पाणी पावसाळ्यात कित्येक पायऱ्या वर चढते आणि उन्हाळ्यात खाली उतरते. घाट बांधणाऱ्याने एकच पायरी योग्य मानली असती तर वर्षातले मोजके दिवस सोडता स्नान घडलेच नसते. पायऱ्या अनेक असल्यामुळे वृद्ध, बालक आणि सराईत पोहणारा असे सारेच आपापल्या जागेवरून एकाच नदीला स्पर्श करतात. वरच्या पायरीवर बसणाऱ्याचे स्नान उणे ठरत नाही. आज अनेक मैदानांवर ‘स्त्रियांची टी’ हा शब्दही मागे पडला असून ज्येष्ठ, मुले आणि नवखे खेळाडूही ‘पुढच्या टी’वरून संकोच न बाळगता खेळतात.

या कार्याची दखल व्यवसायानेही घेतली. अमेरिकेतील गोल्फ वास्तुशिल्पींची संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली होती. १९८३ मध्ये ॲलिस तिच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या आणि पुढे १९९७-९८ मध्ये पहिल्या महिला अध्यक्ष. दक्षिण कॅरोलायनातील किआवा बेटावरील मैदान १९९१ मध्ये रायडर कप सामन्यांसाठी तयार होत असताना, फेअरवे उंचावले तर खेळाडूंना वाळूच्या टेकड्यांपलीकडचा समुद्र दिसेल, ही सूचनाही त्यांचीच होती. समुद्र दिसू लागला आणि त्याबरोबर वाराही थेट येऊ लागला. मैदान सुंदर झाले तसे अवघडही झाले. २०१९ च्या फेब्रुवारीत ॲलिस यांचे निधन झाले आणि वर्षभरातच, जानेवारी २०२० मध्ये पीटही गेले.

आपल्याकडे याचे महत्त्व

आपल्या देशात हा विचार केवळ परदेशी कुतूहलाचा विषय नाही. बंगळूरच्या अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या ऑगस्टमध्ये, चौथ्या आल्या तेव्हा साऱ्या देशाने पहाटे उठून गोल्फ पाहिले. त्यांचे पदक केवळ एका फटक्याने हुकले. फटक्याच्या अंतरात त्या स्पर्धेतील बहुतेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे होत्या. अचूकता आणि ग्रीनवरील कौशल्य यांच्या बळावर त्यांनी ती तूट भरून काढली. ज्या मैदानावर विचाराला आणि नेमकेपणाला वाव असतो तेथेच अशी कामगिरी शक्य होते.

असमान खेळाडूंना एकत्र खेळता यावे यासाठी या खेळात ‘हँडिकॅप’ची सोय आहे. खेळाडूच्या मागील फेऱ्यांवरून त्याचा एक अंक ठरतो आणि तितके फटके त्याला सवलत म्हणून मिळतात. मैदान किती अवघड आहे हेही यात धरले जाते. प्रत्येक टीसाठी एक ‘स्लोप’ अंक असतो. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो. हँडिकॅप २० असलेला खेळाडू स्लोप १३० असलेल्या टीवरून खेळला, तर २० ला १३० ने गुणून ११३ ने भागावे. उत्तर सुमारे २३ येते. निपुण खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाईल, हे हा अंक सांगतो. टी योग्य जागी असतील तर सवलतीवरचा भार हलका होतो.

गोल्फविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. हा खेळ पुष्कळ जमीन आणि पुष्कळ पाणी घेतो. ज्या देशात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत तेथे या प्रश्नाला बगल देता येणार नाही. याचेही उत्तर बव्हंशी आराखड्यातच दडलेले असते. शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे, कमी पाण्यावर तगणारे गवत निवडणे, केवळ खेळाच्या पट्ट्यावरच सिंचन करणे आणि उरलेला भाग स्थानिक झाडाझुडपांना मोकळा सोडणे हे उपाय उपलब्ध आहेत. पीट डाय यांनी फ्लोरिडातील ‘ओल्ड मार्श’ मैदानात पाण्याचा निचरा शेजारच्या पाणथळीत जाऊ न देता जमिनीखालील नळ्यांनी गोळा करून पुन्हा वापरण्याची योजना केली होती. ९ होलांचे लहान मैदानही अशा दृष्टीने अधिक शहाणपणाचे ठरते. त्याला जमीन आणि पाणी दोन्ही निम्मे लागतात.

मैदान पाहताना

वाचकहो, पुढे कधी एखाद्या गोल्फ मैदानाजवळून जाण्याचा योग आला तर चार गोष्टी अवश्य न्याहाळाव्यात. टीचे चौथरे किती आहेत आणि पुढचा चौथरा मागच्याइतक्याच काळजीने राखला आहे का, ते पाहावे. अडथळ्याला वळसा घालणारी सुरक्षित वाट ठेवली आहे का, हे शोधावे. पावसाचे पाणी कोठे जाते, याचा अंदाज घ्यावा. आणि खेळणाऱ्यांत वयस्क, मुले व स्त्रिया किती दिसतात, हे मोजावे. या चार निरीक्षणांवरून त्या वास्तुशिल्पीने मैदान कोणासाठी आखले, हे बरेचसे कळून येते.

नऊ वेळा राज्याची विजेती ठरलेल्या स्त्रीला आपल्याच तोडीच्या खेळाडूंसाठी मैदाने आखणे सहज शक्य होते. ॲलिस डाय यांनी आपले कौशल्य, ज्यांचा फटका आपल्याइतका लांब जात नाही अशांसाठी मोजमाप करण्यात वेचले. घर, रस्ता, कार्यालय किंवा एखादी योजना आखण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्या सर्वांनी हे उदाहरण ध्यानी ठेवण्याजोगे आहे.